चारपैकी दुखत होती एक

शुक्रवारी टीममधल्या एका पोराने लीव्ह टाकली. कारण : विज्डम टूथ सर्जरी. मी सहज विचारलं, "कुठली दाढ दुखतेय रे?" तर म्हणाला, "दुखत कुठलीच नाही. डॉक्टर म्हणाले चारही काढून टाकू, कटकट संपेल."

हे ऐकून माझ्या खालच्या ओठाचा उजवा भाग खरं तर थरथरायला हवा होता. पण तो गेले आठ महिने बधिर आहे.

('अक्कलदाढ काढली, आता अक्कल गेली' छापाचे विनोद कृपया नकोत. ते सगळे ऑफिसात होऊन गेलेत. दोन तर मीच केलेत.)

तर झालं असं की माझी खालची डावी अक्कलदाढ अर्धीच वर आली होती. तिच्यावर हिरडीची एक झडप, त्या झडपेखाली अन्न अडकायचं आणि मग सूज. वर्षात तीनदा. तिसऱ्या वेळी तोंड दोन बोटांएवढंसुद्धा उघडेना. मिठाच्या गुळण्या झाल्या, लवंगेचं तेल झालं, अँटिबायोटिकचे कोर्स झाले. ही दाढ काढायलाच हवी होती, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. काढली, आठवड्यात बरी झाली, आज आठवतसुद्धा नाही.

भांडण उरलेल्या तिघींबद्दल आहे.

क्लिनिकमध्ये जबड्याचा एक्सरे काढला. ओपीजी म्हणतात त्याला, दोन्ही कानांमधला सगळा जबडा एका चित्रात दिसतो. वरच्या दोन्ही दाढा सरळ उगवलेल्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खालची उजवी पूर्ण हाडात, आडवी, निवांत झोपलेली. मी विचारलं, "हिला पण काढायचं?" उत्तर आलं, "आज ना उद्या त्रास देणारच. तरुण आहात तोवर काढून टाका, नाहीतर पुढचे दात वाकडे होतील." आणि मग पॅकेज. चारही एकदम ठरवल्या तर चौथी जवळजवळ फुकट. सेलमध्ये तीन शर्ट घेतो तसा मी हो म्हणून बसलो.

आधी डावी बाजू, पंधरा दिवसांनी उजवी. म्हणजे बघा, माझ्याकडे पंधरा दिवस होते. आई मऊ भात कालवता कालवता म्हणालीसुद्धा, "एकच दुखत होती ना रे? मग चार कशाला?" मी तिला ओपीजी दाखवून इम्पॅक्शन म्हणजे काय यावर लेक्चर दिलं. खरं कारण एवढंच होतं की पैसे आगाऊ भरले होते.

उजवी दाढ सहज निघाली नाही. हाड कापलं, दाढेचे तुकडे केले, मग एकेक तुकडा बाहेर. संध्याकाळी भुलीचा असर उतरेल म्हणाले. डाव्या वेळी उतरला होता. ह्या वेळी ओठ दुसऱ्या दिवशीही झोपलेला. मग चौथ्या. मग महिना झाला.

खालच्या जबड्याच्या हाडातून एक बारीक नळी जाते, तिच्यात एक नस असते. खालचा ओठ आणि हनुवटी यांची जाणीव त्या नसेतून येते. कधी कधी दाढेची मुळं त्या नळीला अगदी चिकटून असतात आणि दाढ काढताना नस दुखावते. ओठ हलतो बरं का, बोलता येतं, शिट्टीही वाजते. फक्त तो आपला वाटत नाही. चहा ओघळलेला समोरच्याच्या नजरेवरून कळतो. दाढी करताना कापलं तर आरशात लाल दिसल्यावर कळतं. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतं, थोड्यांचं कायम राहतं. मी कुठल्या गटात, ते अजून ठरायचंय.

आणि हो, हे सगळं फॉर्मवर लिहिलं होतं. मी सही केली, न वाचता, 'आय ॲग्री' दाबतो तशी. ती चूक माझीच. पण 'ही दाढ नाही काढली तरी चालेल' हा पर्याय मात्र ना फॉर्मवर होता, ना कुणाच्या तोंडात.

वाचन मग सुरू केलं, म्हणजे नेहमीप्रमाणे रिलीज झाल्यावर टेस्टिंग. ब्रिटनमध्ये नाइस नावाची सरकारी संस्था आहे, कुठले उपचार करावेत याचं मार्गदर्शन करते. तिने 2000 सालीच सांगून टाकलं की रोग नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा निव्वळ खबरदारी म्हणून काढणं बंद करा. अमेरिकेत जे फ्रीडमन या दंतवैद्याने 2007 मध्ये सार्वजनिक आरोग्याच्या एका मोठ्या जर्नलमध्ये लेख लिहून ह्या प्रथेला थेट सार्वजनिक आरोग्यावरचं संकट म्हटलं. 2020 चा कॉक्रेन आढावा जास्त सावध आहे : त्रास न देणारी, निरोगी दाढ काढावी की ठेवावी हे ठरवण्याइतका पुरावाच नाही, रुग्णाशी बोलून ठरवा, आणि ठेवली तर नियमित तपासत राहा. आणि ते पुढचे दात वाकडे होण्याचं? वयानुसार पुढचे दात थोडे दाटीवाटीने येतातच, ज्यांना अक्कलदाढा मुळातच नाहीत त्यांचेही. दोष दाढेवर टाकण्याजोगा पुरावा नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकाचा ओठ गेला आणि तो सगळ्या दंतवैद्यांवर घसरला. लवकर काढली तर जखम लवकर भरते हे खरं आहे. पंचविशीतलं हाड आणि पन्नाशीतलं हाड यात फरक असतो. आणि पुढच्या दाढेवर तिरकी टेकलेली अक्कलदाढ त्या चांगल्या दाढेला कीड लावू शकते. ब्रिटनमध्ये नाइसच्या सल्ल्यानंतर अशा केसेस वाढल्याचं तिथल्याच सर्जननी लिहिलंय. म्हणजे 'कधीच काढू नका' हेसुद्धा तितकंच आळशी उत्तर. माझा राग 'चारही' या शब्दावर आहे. चार दाढा ही चार वेगळी प्रकरणं आहेत. वरची सरळ दाढ आणि खालची नसेवर पहुडलेली दाढ यांचा निर्णय एका वाक्यात कसा काय लागतो?

लागतो, कारण आपण गिऱ्हाईक चांगले आहोत. वय पंचवीस ते तीस, पगार बरा, वेळ नाही, आणि 'एकदाचं उरकून टाकू' हा स्वभाव. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसीत दातांचा खर्च बसत नाही, त्यामुळे 'ही सर्जरी गरजेची होती का' हे विचारणारा तिसरा माणूसही मध्ये नाही. कामाच्या वेळी हेच आपण प्रॉडक्शनमध्ये विनातक्रार चाललेल्या मोड्यूलला हात लावायचा तर दहा सह्या मागतो. कुणी 'पुढेमागे बग येईल म्हणून काढून टाकतो' म्हणालं तर त्याला मीटिंगमध्ये सोलून काढतो. स्वतःच्या जबड्याच्या बाबतीत मात्र पॅकेज.

मी क्लिनिक बदललं. नव्या डॉक्टर मॅडमनी जुनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मुळं नळीवर आलेली दिसत होती, अशा वेळी सीबीसीटी म्हणजे थ्रीडी स्कॅन करून घेता आला असता. काढायचीच वेळ आली असती तर काही केसेसमध्ये फक्त वरचा भाग कापून मुळं हाडातच ठेवण्याचा मार्गही असतो. आणि न काढता वर्षा-दोन वर्षांनी एक एक्सरे, हा तर असतोच. हे तीन पर्याय मला पन्नाशीच्या त्या बाईंकडून नस दुखावल्यानंतर कळले. फी घेतली त्यांनी नेहमीच्या तपासणीची.

असो. त्या पोराला शुक्रवारी कँटीनमध्ये बसवून एवढंच सांगितलं की ओपीजी घेऊन जा आणि एकेका दाढेवर बोट ठेवून विचार : हिला आत्ता काय झालंय, नाही काढली तर काय होईल, काढताना नस किती लांब आहे. काल त्याचा मेसेज आला. दोन वरच्या राहू द्यायच्या ठरल्यात. खालची एक पुढच्या दाढेला खरंच टेकलीय, ती काढायची. चौथीसाठी आधी स्कॅन. लीव्ह चार दिवसांची एक दिवस झाली म्हणून मॅनेजर खूश.

माझ्या हनुवटीला गेल्या आठवड्यापासून रात्री मुंग्या येतात. मॅडम म्हणतात चांगलं लक्षण आहे. चहा अजून डाव्या बाजूनेच पितोय.