‘काहीच खेळलो नाही’

खेळाच्या ओळख शिबिरात नव्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न ठरलेला: आधी काय खेळलास? ‘काहीच नाही’ म्हणताना मान खाली जाते. निदान झाशीत तरी जायला नको. इथेच वाढलेले ध्यानचंद 1922मध्ये फौजेत भरती झाले तेव्हा हॉकीपटू नव्हतेच. ओढ होती ती कुस्तीची. हॉकी ते पलटणीत शिकले, सुभेदार-मेजर बाले तिवारींच्या हाताखाली. 1928ला ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकचं सुवर्ण. पुढे लॉस एंजेलिस, बर्लिन. त्यांचा जन्मदिवस, 29 ऑगस्ट, नव्या सत्राच्या तोंडावरच येतो. त्या दिवशी हार-भाषणं (ती काही टळत नाहीत) उरकली, की झाशीच्या बुंदेलखंड विद्यापीठाने स्टिक आधी नवख्यांच्या हाती द्यावी. संघातले तयार खेळाडू तासभर बाहेर बसले तरी चालेल.