विश्लेषण: औरंगाबादला खंडपीठ आले आणि अंतुलेंची खुर्ची गेली, ते प्रकरण काय होते?

छत्रपती संभाजीनगरात जालना रस्त्यावरच्या उच्च न्यायालयात रोज तारखेला येणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की हे खंडपीठ सुरू झाले तेव्हा मुख्यमंत्री होते बॅ. ए. आर. अंतुले? 27 ऑगस्ट 1981 रोजी औरंगाबादेत कामकाज सुरू झाले आणि मराठवाड्यातल्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचली. त्याच वर्षी 1 मे रोजी जालना जिल्हा वेगळा झाला होता. संजय गांधी निराधार योजनाही त्यांच्याच काळातली. तडकाफडकी निर्णय घेणारा मुख्यमंत्री म्हणून त्यांचे नाव आजही निघते, आणि त्यात खोटे काही नाही.

खंडपीठ सुरू झाल्यावर चौथ्याच दिवशी, 31 ऑगस्टला, 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. 12 जानेवारी 1982 रोजी अंतुलेंनी राजीनामा दिला.

सिमेंटच का?

आज हार्डवेअरच्या दुकानात फोन केला की पोती दारात पडतात. तेव्हा सिमेंटचा भाव सरकार ठरवी आणि वाटपही सरकारच करी. साध्या माणसाला घराच्या दुरुस्तीसाठी परमिटची वाट पाहावी लागे. काळ्या बाजारात भाव कितीतरी चढा. अशा टंचाईत ज्याच्या सहीने सिमेंट सुटते, त्याची सही हीच तिजोरी.

अंतुलेंनी साहित्यिक-कलावंतांच्या मदतीसाठी म्हणून 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' काढले. मुंबईच्या बिल्डरांनी त्याला देणग्या दिल्या आणि त्यांना सिमेंट मिळाले. प. बा. सामंत आणि इतरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बख्तावर लेंटिन यांनी या दोन गोष्टींची सांगड असल्याचा निष्कर्ष काढला. पैसा अंतुलेंच्या घरी गेला नाही, संस्थेला गेला, असे समर्थक सांगत. हा बचाव लंगडाच. सिमेंट जनतेच्या वाट्याचे होते. देणगी कोणत्या खात्यात पडली याने रांगेतल्या माणसाला काय फरक पडला?

मग शिक्षा किती झाली?

झालीच नाही. खुर्ची साडेचार महिन्यांत गेली, पण खटला कोणत्या कोर्टात चालावा यावरच वर्षे गेली. भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी तक्रार केली. अंतुले अजून आमदार आहेत, म्हणजे लोकसेवक आहेत, तेव्हा आधी मंजुरी आणा, अशी अडचण निघाली आणि विशेष न्यायाधीशांनी त्यांना मोकळे केले. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते खोडून काढले. खटला लवकर निघावा म्हणून तो थेट उच्च न्यायालयाकडे दिला. ही घाईच पुढे अंगाशी आली. कायद्याने असा खटला विशेष न्यायाधीशापुढेच चालायला हवा, शिवाय आरोपीचा एक अपिलाचा हक्क बुडाला, असे म्हणत 1988 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो आदेश रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल योग्यच म्हणावा लागेल, कारण नावडत्या आरोपीचेही हक्क असतात. पण गाडी जिथून निघाली तिथेच आली. अंतुले दोषी ठरले नाहीत. पुढे ते 1995 मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले, 2006 मध्ये अल्पसंख्याक मंत्री.

आता काय बदलले?

2013 च्या लिली थॉमस निकालानंतर दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की आमदारकी लगेच जाते. नागपूर जिल्हा बँकेच्या रोखे घोटाळ्यात सुनील केदार यांना 22 डिसेंबर 2023 रोजी पाच वर्षांची शिक्षा झाली आणि सावनेरची आमदारकी पाठोपाठ गेली. शिक्षेविरुद्ध ते अपिलात गेले. घोटाळा 2002 चा होता.