स्वस्त भेट, गावाचे नाव

जपानमध्ये प्रवासाहून परतणारा मनुष्य सहकाऱ्यांसाठी व आप्तांसाठी 'ओमियागे' आणतो. ओमियागे म्हणजे ज्या गावी गेलो, त्या गावची ओळख सांगणारी छोटी भेट; बहुधा एकेक वाटता येईल अशी मिठाई. ती रेल्वे स्थानकावर, अगदी चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानातही काहीशे येनमध्ये मिळते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला हे तत्त्व नवे नाही. शेगावची कचोरी हेच सांगते. ती स्वस्त आहे, प्रवाशाच्या वाटेवर मिळते आणि तिच्या नावातच गाव आहे. मात्र दर १२ जानेवारीला सिंदखेडराजास जिजाऊंच्या जन्मस्थानी लोटणारी गर्दी परतताना काय नेते? बहुतेकदा कोणत्याही जत्रेत मिळणारी प्लास्टिकची खेळणी. लोणारला तर काही जण सरोवराकाठचे दगडच उचलतात. २०२० पासून रामसर स्थळ असलेल्या या ठेव्याची ती आठवण नव्हे, हानी होय.

कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यात लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचे वा दैत्यसूदन मंदिराचे चित्र छापलेली कापडी पिशवी बचत गटांच्या भगिनी सहज शिवू शकतील. मात्र ती प्रदर्शनात नव्हे, एसटी स्थानकावर, चहाच्या दुकानाशेजारी मिळाली पाहिजे. आणि किंमतही सामान्य कुटुंबाला परवडणारी हवी.

स्वदेशीचा आग्रह आपण भाषणांतून पुष्कळ धरतो. सहलीला निघताना तो खिशातल्या पन्नास रुपयांतूनही धरता येईल. पिशवीवरचे नाव वाचून घरातले मूल 'हे गाव कुठे?' असे विचारील, तेव्हा ती भेट सार्थकी लागेल.