आरोग्यचिंतन : आंत्रपुच्छ आणि इओसिनोफिल

धान्य, मिरची वा कापसाचा व्यापार असलेल्या घरांना ‘इस्नोफिलिया’ हा शब्द नवा नाही. धुळीचा खोकला लांबला की रक्त तपासले जाते आणि इओसिनोफिल वाढल्याचे कळते. परंतु आंत्रपुच्छाच्या, म्हणजेच अपेंडिक्सच्या, शस्त्रक्रियेनंतर आलेल्या अहवालात हेच नाव दिसले की कुटुंबीय गोंधळतात.

इओसिनोफिल ही श्वेत पेशींची एक जात. जर्मन वैद्य पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये इओसिन या तांबड्या रंगाच्या साहाय्याने ती ओळखली. आतड्याच्या अस्तरात या पेशींचा कायमचाच मुक्काम असतो, तेव्हा तेथे त्या दिसण्यात नवल नाही. स्नायूच्या थरात त्या शिरल्या, तर मात्र विकृतिशास्त्रज्ञ त्याची नोंद घेतो.

तीव्र आंत्रपुच्छदाहाचे निदान त्या थरातील न्यूट्रोफिल पेशींवरून ठरते. त्यांच्या सोबतीला इओसिनोफिलही आढळतात. यावरून केरळमधील कालिकतच्या संशोधकांनी असा तर्क मांडला, की आजाराचा आरंभ ॲलर्जीसारख्या प्रतिक्रियेने होत असावा व जंतुसंसर्ग मागाहून. मळाचा खडा वाट अडवतो ही जुनी उपपत्ती सर्वांना लागू पडत नाही, कारण अनेक रुग्णांत खडा सापडतच नाही. तर्क विचार करण्याजोगा आहे, सिद्ध झालेला नाही. ॲलर्जीच्या गोळीने हा दाह शमतो, असा अर्थ तर त्यातून मुळीच निघत नाही. क्वचित या पेशींमागे जंतही असतात, म्हणून अहवाल डॉक्टरांना दाखवावाच.

येथे एक चकवा आहे. तीव्र दाहात रक्तातील इओसिनोफिल बहुधा घटतात, आंत्रपुच्छाच्या भिंतीत ते कितीही जमलेले असोत. रक्ततपासणीत ते वाढलेले नाहीत, एवढ्यावरून निर्धास्त होता येत नाही.

पर्युषणात ही गोष्ट अधिक जपण्याची. अठ्ठाई चालू असता बेंबीभोवती दुखू लागले की पित्त म्हणून सोडून दिले जाते. तीच कळ काही तासांत उजवीकडे खाली सरकली, मळमळ वा ताप आला, तर एरंडेल किंवा रेचक चूर्ण देऊ नये. त्याने आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका वाढतो. दुकान वाढवेपर्यंत वा पारण्यापर्यंत न थांबता त्याच दिवशी शल्यचिकित्सक गाठावा. पच्चक्खाणात आजारासाठी आगार ठेवलेलेच आहेत. शिवाय शस्त्रक्रियेपूर्वी पोट रिकामेच लागते; डॉक्टरांना उपवास किती दिवसांचा आहे, तेवढे आवर्जून सांगावे.