संप कोणाचा? आयन रँडचा नायक आणि आपला तरुण उद्योजक

आपल्या वस्त्यांमधली मुलं धंद्यात उतरू लागली आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. खांबपासून कोलाडपर्यंत आणि इकडे नागोठणे-पेणपर्यंत महामार्गाच्या कडेला आपल्या पोरांची गॅरेजं आहेत, मोबाइल दुरुस्तीची दुकानं आहेत. कुणाचा टेम्पो आहे, कुणी धाटाव एमआयडीसीत छोटी कंत्राटं घेतो. ज्या समाजाच्या वाट्याला गावकीची कामं आणि बलुत्याची लाचारी एवढंच ठेवलं होतं, त्या समाजातला तरुण आज स्वतःच्या नावाची पाटी लावतो. ही साधी गोष्ट नाही.

पण या मुलांशी बोलताना अलीकडे एक नवी भाषा कानावर येते. 'मी कुणाचं काही देणं लागत नाही.' 'कमावणारे थोडे, खाणारे फार.' 'समाज वगैरे ठीक आहे, पण शेवटी माणूस एकटाच वर येतो.' ही वाक्यं येतात मोटिव्हेशनल भाषणांतून, रील्समधून आणि 'उद्योजकाने वाचलीच पाहिजेत' अशा पुस्तकांच्या याद्यांमधून. त्या याद्यांमध्ये एक नाव पुन्हा पुन्हा दिसतं, ते म्हणजे आयन रँड. पुस्तक पूर्ण वाचलेले थोडेच असतात, पण त्यातला विचार सारांशाच्या रूपाने सगळीकडे पोचला आहे. म्हणून त्याला उत्तर देणं आम्हाला गरजेचं वाटतं.

रँड १९०५ मध्ये रशियात जन्मल्या. क्रांतीनंतर वडिलांचं औषधांचं दुकान जप्त झालेलं त्यांनी पाहिलं आणि १९२६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. 'द फाउंटनहेड' १९४३ मध्ये आली, 'अ‍ॅटलस श्रग्ड' १९५७ मध्ये. मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादामुळे दोन्ही कादंबऱ्या मराठीतही आहेत. पहिलीचा नायक हॉवर्ड रोर्क हा वास्तुविशारद आहे. तो आपल्या आराखड्यात कुणाचीही ढवळाढवळ चालू देत नाही. दुसरीत जॉन गाल्टच्या सांगण्यावरून संशोधक आणि उद्योगपती एकेक करून काम सोडतात, डोंगरातल्या एका दरीत जाऊन राहतात आणि त्यांच्याविना जग ठप्प होतं. लिहिताना या कादंबरीचं नाव 'द स्ट्राइक', म्हणजे 'संप' असं होतं. हा संप लक्षात ठेवा. आपल्या जिल्ह्यातल्या एका संपाशी त्याची तुलना करायची आहे.

हे आकर्षण खोटं नाही

आपल्या तरुणाला हे का भावतं, ते आधी समजून घेऊ. शाळेत, कॉलेजात, नोकरीत त्याने एकच टोमणा ऐकलेला असतो: 'तुम्हाला काय, सगळं फुकटात.' त्याची मेहनत कधी मोजलीच जात नाही. अशा वेळी एक कादंबरी त्याला सांगते, की तू जे केलंस ते तुझं आहे, त्यासाठी कुणापुढे मान झुकवू नकोस. आयुष्यभर खाली बघायला लावलेल्या माणसाला हे वाक्य औषधासारखं वाटतं. शिवाय नातेवाइकांच्या मागण्या, वर्गण्या, 'आता तू मोठा झालास, आम्हाला विसरलास' ही कुरबुर असतेच. त्या ओझ्यातून सुटायला रँड एक तत्त्वज्ञान देते. त्यामुळे अशा मुलाला 'स्वार्थी' म्हणून मोडीत काढणं चूक आहे. त्याची भूक खरी आहे. प्रश्न आहे तो ताटात काय वाढलंय याचा.

व्यक्ती बाबासाहेबांनीही केंद्रस्थानी ठेवली

व्यक्तीचं मोल शिकायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं, की यात गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक धरला आहे आणि याचा आपल्याला आनंद आहे. कारण गाव म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर व्यक्ती हीच साध्य आहे, हे लोकशाहीचं पहिलं गृहीतक म्हणून येतं.

पण बाबासाहेब तिथे थांबत नाहीत. ते पुढचा प्रश्न विचारतात: पोटाला नसलेल्या माणसाचे मूलभूत हक्क किती दिवस टिकतात? नोकरी मिळावी म्हणून तो आपले हक्क स्वतःच सोडून देईल. सरकारने सगळीकडून हात काढून घेतला, तर जे उरतं ते भाडं वाढवण्याचं जमीनदाराचं आणि मजुरी घटवण्याचं मालकाचं स्वातंत्र्य. रँडची व्यक्ती आणि बाबासाहेबांची व्यक्ती इथे वेगळ्या होतात. रँडच्या व्यक्तीला भीती आहे ती सरकारची. बाबासाहेबांच्या व्यक्तीला सरकारइतकीच भीती आहे सावकाराची, खोताची, मालकाची आणि जातीची.

खासगी मालकीचा युक्तिवाद आपण ऐकलेला आहे

रँड वंशवादी नव्हत्या. १९६३ च्या लेखात त्यांनी वंशवादाला अत्यंत हीन ठरवलं. पण त्याच लेखात त्यांनी अमेरिकेतल्या नागरी हक्क विधेयकातल्या एका भागाला विरोध केला. खासगी हॉटेल-दुकानात काळ्या माणसाला प्रवेश नाकारायला कायद्याने बंदी करू नये, कारण मालमत्ता मालकाची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मालक नीच असेल, पण त्याचा हक्क अबाधित.

रायगडच्या माणसाला हा युक्तिवाद नवा वाटायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी हाती घेतलं. त्यानंतर सवर्ण मंडळी कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं काय होतं? तळं सार्वजनिक नाही, ते खासगी मालकीचं आहे! हा दावा जवळजवळ दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांची नावं घेऊन भेदभावाला मनाई केली गेली. 'माझी मालमत्ता, माझी मर्जी' या तत्त्वावर देश चालला असता, तर आज आपल्या पोराच्या हॉटेलाचा प्रश्न दूरच, त्याला दुसऱ्याच्या हॉटेलात चहाही मिळाला नसता.

आणि बाजार तरी जात बघत नाही का? १९१७ मध्ये परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं गळाली आणि तो बंद करावा लागला. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला अर्थशास्त्रज्ञ! बुद्धी हेच भांडवल असेल, तर त्याहून मोठं भांडवल कुणाकडे होतं? हॉवर्ड रोर्कला कामं मिळत नाहीत ती त्याच्या इमारती वेगळ्या आहेत म्हणून. आपल्या माणसाला काम मिळत नाही ते त्याचं आडनाव वेगळं आहे म्हणून. या दोन नकारांमधला फरक त्या कादंबरीत कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट सारांश सांगणारे सहसा सांगत नाहीत. आपल्या आराखड्यात बदल केला म्हणून रोर्क जी इमारत सुरुंगाने उडवतो, ती असते गरिबांसाठीची सरकारी घरं. शेवटी कोर्टात तो निर्दोष सुटतो. आपण त्या नायकाच्या जागी स्वतःला बघतो. पण आपली आजी, आपली मावशी त्या घरांच्या यादीत असती, हे विसरतो.

आता संपाची गोष्ट

जॉन गाल्टचा संप कल्पनेतला. आपल्या जिल्ह्यातला संप खरा. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी इथे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं. सहा वर्षं शेतं ओस राहिली. लोकांनी हाल काढले, मिळेल ती मजुरी केली, पण नांगर धरला नाही. बाबासाहेब या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं.

आता सांगा, जग कुणामुळे थांबतं? रँड म्हणतात मालक थांबला की थांबतं. चरीने दाखवलं की खोत जागेवरच होता, त्याची कागदपत्रं, त्याचा वाडा, त्याची अक्कल सगळं जागेवर होतं. फक्त कसणारे हात थांबले आणि जमिनीत गवत उगवलं.

एकट्याने उभं केलेलं काय आहे?

आमच्या भागाकडेच बघा. कोलाडला राफ्टिंगचा चांगला धंदा आहे. तो चालतो भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून कुंडलिकेत सुटणाऱ्या पाण्यावर. ते पाणी येतं सह्याद्रीपलीकडच्या मुळशी धरणातून. त्या धरणासाठी सरकारने टाटांना जमीन मिळवून दिली आणि १९२१ पासून सत्याग्रह करूनही मावळातल्या शेतकऱ्यांची गावं बुडाली. म्हणजे आज बोट चालवणाऱ्याच्या कमाईत कुणाच्या तरी बुडालेल्या घराचा वाटा आहे. धाटावची जमीन, रस्ते, पाणी एमआयडीसीने दिलं. नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना आधी आयपीसीएल या सरकारी कंपनीने उभारला, मग २००२ मध्ये तिची सूत्रं रिलायन्सकडे गेली. पेणमध्ये सेझसाठी सरकार खासगी कंपनीला शेतजमीन मिळवून द्यायला निघालं, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत जनमत घ्यावं लागलं आणि शेतकऱ्यांनी नकार दिला. सरकारने उद्योगपतीला अशी मदत करणं रँडच्या तत्त्वातही बसत नाही, हे मान्य. पण मग आपल्याकडे ते तत्त्व पाळणारा बडा उद्योगपती दाखवा! मोठ्यांना सरकार हवं असतं. स्वावलंबनाचे धडे मात्र टेम्पोच्या हप्त्याखाली दबलेल्या पोराला मिळतात. त्याच पोराचं गिऱ्हाईक रखडलेल्या महामार्गाच्या धुळीत अडकतं, तेव्हा त्याचं वैयक्तिक कर्तृत्व काय करणार?

दलित उद्योजकतेचा इतिहासही हेच सांगतो. मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात 'डिक्की'ची स्थापना केली. नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा, हा तिचा संदेश. तो चांगलाच आहे. पण उद्योजकांना बळ मिळालं ते संघटना करून सरकारकडे मागणी केल्यामुळे. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून ४ टक्के खरेदीची तरतूद झाली. २०१६ मध्ये 'स्टँड अप इंडिया'तून १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्जाची योजना आली. यातलं काहीही जॉन गाल्टच्या दरीतून आलेलं नाही.

मग करायचं काय?

धंदा सोडायचा नाही, वाढवायचा. नफ्याची लाज बाळगायची नाही. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकासारख्या व्यापाऱ्याला संपत्ती टाकून द्यायला सांगितलं नाही, ती सचोटीने कमवायला आणि योग्य ठिकाणी लावायला शिकवलं. बुद्धांनी स्वतःच्या प्रकाशात चालायला सांगितलं हे खरं, पण त्रिशरणात बुद्ध आणि धम्मासोबत संघही आहे. बाबासाहेबांच्या मंत्रातही 'शिका'च्या पुढे 'संघटित व्हा' आहे.

म्हणून आमच्या उद्योजक मित्रांनी तीन साध्या गोष्टी कराव्यात. आपल्याकडे काम करणाऱ्याला, मग तो आदिवासी वाडीवरचा पोरगा असो की आपल्याच वस्तीतला, वेळेवर आणि पूर्ण मजुरी द्यावी. खोताशी लढलेल्यांच्या नातवंडांनी नवे खोत होऊ नये. सरकारी योजना आणि खरेदीतला वाटा हक्काने मागावा, त्यात कमीपणा मानू नये. आणि तालुक्यातल्या आपल्या सगळ्या व्यावसायिकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं, एकमेकांची कामं एकमेकांना द्यावीत, अडचणी मिळून तहसीलवर न्याव्यात.

रँडच्या कादंबऱ्या जरूर वाचा. आपण पुस्तकांना घाबरणारे लोक नाही. पण वाचताना एक प्रश्न सोबत ठेवा: या गोष्टीत जमीन कुणी कसली, भिंत कुणी बांधली आणि पाणी कुणी भरलं? ज्या पानावर त्यांची नावं नाहीत, तिथे आपलंही नाव नसतं.

जय भीम!