न केलेल्या अर्जाचा हिशेब

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुले-मुली आज कोळसा खाणींत, वीजकेंद्रात, शाळा-दवाखान्यांत मानाने काम करीत आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. तथापि या स्मरणिकेच्या निमित्ताने एका अवघड प्रश्नाकडे समाजबांधवांचे लक्ष वेधणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

नोकरीची जाहिरात हाती येताच आपले अनेक तरुण पगार व पात्रता पाहण्याआधी मालकाचे आडनाव पाहतात. मुलगी असेल तर आई-वडील विचारतात, "साहेब आहेत की मॅडम? आणखी बाया आहेत का तिथे?" उत्तर मनासारखे नसेल तर अर्ज घरातच राहतो.

या सावधपणास भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता समान, केवळ नावे वेगळी. दलित नावाच्या उमेदवारास पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश आढळली. मुस्लिम नावाची त्याहूनही कमी. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्यांनी मोजले ते पाठविलेले अर्ज. जो अर्ज केलाच नाही, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, आणि मालक मात्र निर्धास्तपणे म्हणू शकतो की, तुमच्यातले कोणी आलेच नाही.

राज्यघटनेचे सोळावे कलम शासकीय नोकरीत जात व लिंग यांवरून भेदभावास मनाई करते. पण शासकीय जागा आटत चालल्या आहेत, आणि सुरजागडच्या लोहखनिजाभोवती उभे राहणारे रोजगार खासगी आहेत. तेथे आपण मागे राहिलो, तर जंगल व जमीन आपल्या भागाची आणि वेतन इतरांचे, अशी स्थिती होईल.

नाण्याची दुसरी बाजूही पाहू. बडोद्याहून मुंबईस परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर व्यवहारांत सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. आज आपला एखादा माजी विद्यार्थी उद्योग काढतो, तेव्हा आपलेच लोक कुजबुजतात, "आपल्या माणसाकडे पगार वेळेवर मिळेल का?" मालक बाई असेल तर शंका दुप्पट. याउलट, अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या कल्पना सरोज यांच्याकडे कर्जात बुडालेल्या कमानी ट्यूब्जचे कामगार स्वतः होऊन गेले. २००६ मध्ये त्यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली. त्या कामगारांनी जात वा लिंग न पाहता कर्तृत्व पाहिले.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. आडनाव पाहून अर्ज टाळू नये. अर्ज करावा आणि नेमके प्रश्न विचारावेत. वेतन किती, नेमणूकपत्र मिळेल काय, राहण्याची सोय कशी? दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. ती आहे का, हा प्रश्न साहेब की मॅडम यापेक्षा मुलीच्या अधिक उपयोगाचा आहे.

जे माजी विद्यार्थी स्वतः मालक झाले आहेत, त्यांनी या सर्व बाबी जाहिरातीतच लिहाव्यात आणि गोंड, माडिया, मुस्लिम, ओबीसी अशा साऱ्यांना दार उघडे ठेवावे. केवळ आपल्यांनाच घेणारा बौद्ध मालक समतेचा वारसा सांगू शकत नाही. हीच कसोटी आपल्या विद्यालयालाही लागू आहे, हे आम्ही नम्रपणे मान्य करतो.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेस स्थान दिले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चंद्रपुरात बाबासाहेबांनी आपल्या वाडवडिलांना धम्मदीक्षा दिली. त्यांच्या नातवंडांनी अर्ज लिहून घरात ठेवावा, हे त्या दीक्षेला साजेसे नाही. या वर्षी प्रत्येक माजी विद्यार्थ्याने शेजारच्या एका मुलास वा मुलीस सोबत घेऊन एक तरी अर्ज भरून द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.

जय भीम.