तक्रार, फिर्याद आणि दोषारोप

१९४८ पर्यंत आपला धाराशिव जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व तेथील न्यायालयांचा कारभार उर्दूत चाले. त्या भाषेत ज्याच्यावर नुसता इल्जाम आहे तो मुल्जिम, आणि ज्याचा जुर्म शाबीत झाला तो मुजरिम. मराठीतही आरोपी व दोषसिद्ध असे दोन शब्द आहेत. परंतु दुसरा निकालपत्राबाहेर फारसा पडत नाही. पारावर आरोपी हा शब्द उच्चारला की ऐकणारा मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा होतो. आपल्या मुलावर खोटे बालंट आले म्हणजे मग या शब्दाची धार आपल्याला कळते.

इंग्रजी कायद्यात ॲलिगेशन, कम्प्लेंट आणि चार्ज हे तीन निरनिराळे शब्द आहेत. पहिले म्हणजे अद्याप सिद्ध व्हावयाचे कथन. न्यायालयीन मराठीत त्यास अभिकथन म्हणतात. कायद्याच्या व्याख्येतील कम्प्लेंट म्हणजे कारवाई व्हावी म्हणून दंडाधिकाऱ्यापुढे केलेले अभिकथन. चार्ज, म्हणजे दोषारोप, हा न्यायालय स्वतः निश्चित करते. वर्तमानपत्रे या साऱ्यांस सरसकट आरोप म्हणतात. त्यामुळे पोलिसांनी दोषारोपपत्र धाडले की खटला जिंकला, अशी कित्येक कुटुंबांची समजूत होते. वस्तुतः साक्षीपुरावा तेथून पुढे सुरू व्हावयाचा असतो.

पण खरी फसगत होते ती पोलीस ठाण्याच्या दारात. अन्याय झालेला मनुष्य 'तक्रार अर्ज' लिहून देतो, त्यावर आवक शिक्का पडतो, आणि आपण फिर्याद दिली या समाधानात तो घरी येतो. अर्ज अर्जच राहतो. गुन्हा नोंदला जात नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली घातलेल्या कलम १८-अ प्रमाणे तर गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशीचीही आवश्यकता नाही. म्हणून शिक्का पाहून परतू नये. गुन्हा नोंद क्रमांक मागावा.

फिर्यादीत 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढेच लिहिणे हा आणखी एक घातक आळस. हा झाला निष्कर्ष, आणि निष्कर्ष काढणे हे न्यायालयाचे काम. कायद्यास लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागी घडलेला अपमान अभिप्रेत आहे. तेव्हा कोणते शब्द उच्चारले, कोठे उच्चारले आणि त्या वेळी कोण कोण हजर होते, हे पहिल्याच जबाबात यावे. शब्द उच्चारण्याची लाज वाटते, हे मी जाणतो. तथापि जे मागाहून पुरवणी जबाबात येते, त्यावर 'हे नंतर सुचलेले' म्हणून विरुद्ध बाजूचा वकील तुटून पडतो. तेथे त्याला दोष तरी कसा द्यावा?

नवदीक्षित कुटुंबांची एक अडचण वेगळीच. 'आम्ही बौद्ध, टाकलेली जात फिर्यादीत पुन्हा कशाला लिहावयाची?' असे तरुण मंडळी विचारतात. भावना रास्त आहे. परंतु या कायद्याचे संरक्षण अनुसूचित जातीच्या व्यक्तीस आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली, म्हणून बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या माणसास ते लाभते. नुसते 'बौद्ध' लिहून थांबल्यास बचावपक्षाला आयता मुद्दा मिळतो. बौद्ध असल्याचे अभिमानाने लिहावे आणि प्रमाणपत्रातील अनुसूचित जातीची नोंदही लिहावी. ती पूर्वीच्या अन्यायाची नोंद आहे, आपल्या श्रद्धेची नव्हे.

तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर, सही घेण्यापूर्वी ती वाचून दाखविणे आणि तिची प्रत देणे हे याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. प्रत विनामूल्य मिळते. घरात शिकलेली मुलगी असेल तर तिला सोबत न्यावे. सही होण्याआधी तिने प्रत्येक ओळ वाचावी आणि आईबापांनी सांगितलेला शब्द तेथे नसेल तर तो लिहावयास लावावा.